सायकलच्या पॉवर सेन्सरचे कॅलिब्रेशन: मराठवाड्यात रस्ता आणि वेळ कशी निवडावी

हँडलवर बसणारा, वाऱ्याचा दाब मोजून वॅट सांगणारा सेन्सर मी घेतला तेव्हा त्याचे पहिले कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे बरोबर यावेत म्हणून करायची जुळणी, जून महिन्यात, सकाळी साडेदहा वाजता, चौपदरी महामार्गाच्या कडेने केले. त्यानंतर तीन आठवडे तो सेन्सर मला मी पट्टीचा सायकलपटू असल्याचे सांगत राहिला. सपाट रस्त्यावर ताशी २६ किलोमीटर वेगाला माझ्या वजनाच्या हिशेबाने १०० वॅटच्या आसपास आकडा यायला हवा होता, आणि तो दीडशे दाखवत होता. उपकरण सदोष आहे असे समजून ते परत पाठवण्याची तयारीही मी केली होती. दोष उपकरणात नव्हता. मी त्याला चुकीच्या रस्त्यावर, चुकीच्या वेळी शिकवले होते, आणि ते शिकलेले इमानाने परत सांगत होते.

कॅलिब्रेशनच्या सूचना बहुधा ‘शांत हवेत, सपाट रस्त्यावर, जाऊन-येऊन फेरी करा’ एवढ्या एका वाक्यात संपतात. मराठवाड्यात शांत हवा कधी असते आणि सपाट रस्ता कोठे सापडतो, हे त्या वाक्यात नसते. या लेखात मुख्यतः तेच मांडले आहे.

कोणत्या सेन्सरला रस्ता लागतो?

पायडलमध्ये किंवा क्रँकमध्ये (पायडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यात) बसणारे पॉवर मीटर धातूचा सूक्ष्म ताण मोजतात. त्यांना रस्त्याची गरज नसते. सायकल बाहेरच्या तापमानाला पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, पायडलवरचा भार काढावा, क्रँक पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत धरावा आणि शून्य लावून घ्यावे, एवढे पुरते. चाकाच्या स्पीड सेन्सरला चाकाचा अचूक परीघ द्यावा लागतो. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या प्रकारात. वेलोकॉम्प कंपनीचा पॉवरपॉड हे त्याचे परिचित उदाहरण आहे. हा सेन्सर सायकलस्वाराचे बळ थेट मोजतच नाही. तो समोरच्या हवेचा दाब, रस्त्याचा चढ आणि वेगातील बदल मोजतो, चाकाच्या घर्षणाचा अंदाज धरतो, आणि या सर्व विरोधांची बेरीज म्हणजेच तुम्ही लावलेली शक्ती असे मानतो.

या बेरजेत दोन गोष्टी त्याला सुरुवातीला ठाऊक नसतात: तो स्वतः हँडलवर किती तिरका बसवला गेला आहे, आणि हँडल व शरीर यांच्यामुळे वळलेल्या हवेतला दाब खऱ्या वाऱ्याच्या किती पट आहे. जाऊन-येऊन फेरीत त्याला याची उत्तरे मिळतात. ज्या जागेवरून निघालो त्याच जागेवर परतलो, म्हणजे एकूण चढ शून्य असला पाहिजे. तो शून्य येत नसेल तर उरलेला फरक हा तिरकेपणाचा. वारा जाताना जितका समोरून आला तितकाच येताना पाठीमागून आला, म्हणजे सरासरी वारा शून्य असला पाहिजे. तो शून्य येत नसेल तर फरक दाबाच्या गुणकाचा. संपूर्ण कॅलिब्रेशन या दोन गृहीतकांवर उभे असते, आणि रस्ता निवडायचा तो ती दोन्ही खरी ठरावीत अशा बेताने.

चूक किती महाग पडते ते पाहू. सायकलसह ८२ किलो वजन आणि ताशी ३० किलोमीटर वेग धरला तर एक टक्का चढाला सुमारे ६७ वॅट लागतात. म्हणजे चढाचे वाचन ०.१ टक्क्याने चुकले तरी पावणेसात वॅटचा फरक पडतो. आठ सेंटिमीटर लांबीच्या उपकरणाचे एक टोक ०.०८ मिलिमीटरने, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी, वर उचलले गेले की तेवढा तिरकेपणा येतो. म्हणून उपकरणाचा क्लॅम्प हलता नसावा. घट्ट बसल्यावर क्लॅम्प आणि हँडल यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर कॅलिब्रेशन पुन्हा करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

आधी चाकाचा परीघ

वेगात एक टक्का चूक असेल तर हवेच्या विरोधाच्या वॅटमध्ये ती सुमारे तीन टक्के होते, कारण तो भाग वेगाच्या घनाप्रमाणे वाढतो. त्यामुळे परिघाचे काम आधी उरकावे. तक्त्यांत ७०० × २८ टायरचा परीघ २१३६ मिलिमीटर आणि ७०० × २५ चा २१०५ मिलिमीटर दिलेला असतो, परंतु स्वार बसल्यावर टायर दबतो आणि खरा परीघ काही मिलिमीटरने कमी भरतो. सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर व्हॉल्व्ह अगदी खाली आणून खडूने खूण करावी, नेहमीची हवा भरलेल्या सायकलवर बसून, कोणाला तरी बाजूने आधार द्यायला सांगून, सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे पूर्ण करावेत आणि दुसरी खूण करावी. अंतर ३० मीटरच्या पोलादी टेपने मोजावे. कापडी टेप ताणला जातो. २१ मीटर १८ सेंटिमीटर भरले तर परीघ २११८ मिलिमीटर. खुणेत एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी चूक ०.०५ टक्क्यापेक्षा अधिक होत नाही.

किलोमीटरच्या दगडांवर हे काम सोपवू नये. रस्ते रुंद होताना, वळणे सरळ होताना आणि बाह्यवळण रस्ते निघताना दगड जुन्या जागी राहिलेले असतात किंवा नवे दगड सोयीच्या जागी रोवलेले असतात. एकाच रस्त्यावरच्या लागोपाठच्या दोन दगडांमधले अंतर मी मोजलेल्या परिघाने ९४० मीटर भरलेले पाहिले आहे.

रस्ता

प्रथम काय टाळावे ते सांगतो. समृद्धी महामार्गाचा गुळगुळीतपणा पाहून मोह होतो, पण तेथे सायकलला प्रवेशच नाही. धुळे–सोलापूर किंवा तुळजापूर–लातूर–नांदेड यांसारख्या महामार्गांवर सायकल चालवता येते, तरी कॅलिब्रेशनसाठी ते निरुपयोगी आहेत, आणि त्याचे कारण धोक्यापुरते मर्यादित नाही. शेजारून जाणारा ट्रक आपल्याबरोबर हवा ओढत नेतो. जाताना तो आपल्या दिशेने जातो, येतानाही आपल्याच दिशेने जातो. म्हणजे दोन्ही वेळा पाठीमागून वारा मिळतो, आणि ‘जाताना समोरून, येताना मागून’ हे गृहीतक तेथेच मोडते. सेन्सरला समोरची हवा दोन्ही वेळा वेगापेक्षा कमी वाटते. दाबाचा आपला गुणक कमी पडतो आहे असे समजून सेन्सर तो गुणक वाढवतो, आणि पुढे शांत रस्त्यावर प्रत्येक वॅट फुगवून सांगतो. माझे दीडशे वॅट मोठ्या प्रमाणात याच वाटेने आले होते. शिवाय दुभाजक असलेल्या रस्त्याच्या दोन बाजू काही ठिकाणी वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे आपण त्याच रस्त्याने परतलो असेही म्हणता येत नाही.

दुसरा मोह कालव्याचा. जायकवाडीचा डावा कालवा पैठणपासून परभणीच्या दिशेने दोनशेहून अधिक किलोमीटर जातो आणि पाणी वाहावे म्हणून त्याचा उतार इतका मंद ठेवलेला असतो की, त्याच्या काठच्या तपासणी रस्त्याइतकी समपातळी वाट आपल्या मुलुखात दुसरी सापडणार नाही. मीही एका पहाटे तेथे जाऊन आलो. पण ती वाट मुरमाची आहे. मुरमावर चाकाचे घर्षण डांबरापेक्षा बरेच जास्त असते, अंग सतत हादरते, आणि कालव्याच्या भरावावर वाऱ्याला आडोसा नसतो. पातळी उत्तम, पृष्ठभाग अयोग्य, असा तो रस्ता आहे.

योग्य रस्ता बहुधा मधल्या गावाचा असतो. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत दोन-तीन किलोमीटर जाऊन एका गावात संपणारा, तीन किंवा पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता पाहावा. त्याच्या अरुंदपणाचा एक अनपेक्षित लाभ असा की, डाव्या बाजूने जाऊन डाव्या बाजूने परतले तरी दोन्ही रेषा जवळजवळ एकच राहतात. एका बाजूची लांबी दीड ते तीन किलोमीटर असावी, परंतु उपकरणाच्या पुस्तिकेत ठरावीक अंतर दिले असेल तर तेच पाळावे. रस्ता शक्य तितका सरळ असावा, कारण प्रत्येक वळणावर वाऱ्याचा कोन बदलतो. हलका चढ असला तर बिघडत नाही, तो दोन्ही फेऱ्यांत फिटतो. ब्रेक लावावा लागेल असा उतार मात्र नको, कारण ब्रेकमध्ये गेलेली शक्ती सेन्सरला दिसत नाही.

येथे काळ्या मातीचा विचार करावाच लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. मोटारसायकलवर त्या लाटा जाणवतही नाहीत, पण चढ ओळखणाऱ्या संवेदकाला त्या सतत डोलवतात. त्यामुळे गोदाकाठचा सपाट पट्टा, म्हणजे गेवराई, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, नकाशात कितीही आकर्षक दिसला तरी तेथला प्रत्येक रस्ता चालेल असे नाही. उलट बालाघाटाच्या पठारावर, मुरमाड जमिनीवरून गेलेला एखादा रस्ता थोडा चढउताराचा असूनही अधिक स्थिर सापडतो. नकाशावर विसंबू नये. आदल्या दिवशी उन्हात एकदा सायकलने जाऊन यावे, गतिरोधक मोजावेत, खड्डे कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे आणि वळून परतण्याची जागा ठरवावी. एखाद्या शाळेसमोरचा किंवा मंदिरासमोरचा चौक त्यासाठी सोयीचा असतो. मी अशी पाहणी करत, वाकून डांबर बघत होतो, तेव्हा बांधावरच्या एका वयस्कर काकांनी विचारले, “काय सायेब, रस्ता नवा होनार का?” नाही म्हणताना मलाच अपराधी वाटले.

हंगामही पाहावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन आणि नंतर तूर वाळायला याच रस्त्यांवर पसरलेली असते. गाळप सुरू झाले की जोडट्रॉलीचे ट्रॅक्टर ऊस घेऊन पहाटेपासून फिरतात, आणि त्यांना ओलांडताना आपली रेषा मोडते. आसपास कारखाना असेल तर त्याच्या दिशेचा रस्ता वगळावा. कडेला वेडी बाभूळ माजलेली असेल तर साइडपट्टीवर उतरूच नये. बारीक काट्याने हळूहळू उतरलेली हवा फेरी संपेपर्यंत लक्षात येत नाही आणि घर्षण वाढवून जाते.

वारा, थंडी आणि हवेचा दाब

वारा असू नये हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे हे की तो बदलू नये. ताशी चार किलोमीटरचा वारा फेरीभर चारच राहिला तर तो जाता-येता फिटतो. जाताना चार असलेला वारा येताना नऊ झाला तर तो फिटत नाही, आणि दुर्दैवाने आपल्याकडे सकाळी नेमके तसेच होते. रात्री जमीन थंड झाल्याने खालची हवा स्थिर बसते; ऊन तापू लागले की ती स्थिरता मोडते आणि वारा उठतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उजाडल्यापासून पुढचा साधारण एक तास सर्वांत भरवशाचा असतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पावणेसातला रस्त्यावर असावे. अंधूक प्रकाशात पुढचा-मागचा दिवा लावूनच निघावे, आणि धुके असेल तर परत फिरावे.

जून ते ऑगस्ट या काळात पश्चिमेकडचा वारा दिवसरात्र वाहतो. पाटोदा, भूम, वाशी या भागांतल्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या त्याच वाऱ्याच्या भरवशावर. त्या परिसरात राहणाऱ्यांनी पाती फिरताना दिसली तर कॅलिब्रेशनचा विचार सोडून नुसती सायकल चालवावी. एप्रिल-मेमध्ये पहाट शांत असते, पण ती लवकर संपते, आणि दुपारी वावटळी व वळीव यांमुळे दाबही उड्या मारतो.

वारा मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. गावातल्या चुलींचा धूर सरळ वर जात असेल तर वारा ताशी दोन किलोमीटरच्या आतच आहे, त्याहून चांगली वेळ मिळणार नाही. चेहऱ्याला झुळूक जाणवते आणि पाने सळसळतात तेव्हा तो ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने आणि बारीक फांद्या सतत हलू लागल्या की १२ च्या पुढे गेला असे समजावे. मी रब्बी ज्वारीकडे पाहतो. दाट उभ्या ज्वारीची लांब पाने अगदी थोड्या वाऱ्यालाही एकमेकांवर घासतात, आणि सायकल थांबवून कान दिला तर तो आवाज डोळ्यांच्या आधी वाऱ्याची खबर देतो. आवाज येत असेल तर मी दहा मिनिटे थांबतो, आणि तरीही राहिला तर घरी येतो.

तापमानाचा परिणाम अनेकांना किरकोळ वाटतो, तो तसा नाही. ९५० हेक्टोपास्कल दाबाला १२ अंशांवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१६ किलो असते आणि ३५ अंशांवर १.०७ होते, म्हणजे आठ टक्क्यांचा फरक. उपकरण तापमान मोजून ही दुरुस्ती स्वतः करते, पण त्यासाठी ते बाहेरच्या हवेइतके थंड झालेले असले पाहिजे. गरम खोलीतून काढून लगेच निघू नये.

उंचीही त्याला खरी सांगावी लागते. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, संभाजीनगर ५७० च्या आसपास आणि लातूर ६३० च्या आसपास आहे. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे तीन टक्क्यांनी बदलते. आपल्या गावाची नेमकी उंची हवी असेल तर रेल्वे स्थानकाची पिवळी पाटी पाहावी. बहुतेक जुन्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

आणखी एक गोष्ट आपल्या अक्षांशाची. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. पहाटे चारपासून दहापर्यंत तो साधारण तीन हेक्टोपास्कलने चढतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीच्या भाषेत सुमारे नऊ मीटर. त्यामुळे सकाळी आपण एका जागी उभे असलो तरी उपकरणाला आपण हळूहळू खाली उतरत आहोत असे वाटते. पंधरा मिनिटांच्या फेरीत हा भास जेमतेम एक मीटरचा राहतो. वळण्याच्या जागी अर्धा तास चहाला थांबले तर तो तिप्पट होतो आणि उपकरणाच्या दृष्टीने निघालो ती जागा आणि परतलो ती जागा एक राहत नाही. चहा फेरी संपल्यावर घ्यावा.

प्रत्यक्ष फेरी

आदल्या रात्री टायरमध्ये पंपाच्या काट्यावर पाहून नेहमीचीच हवा भरावी आणि बॅटरी तपासावी. सकाळी दहा मिनिटे सायकल चालवून अंग मोकळे करावे आणि मग कॅलिब्रेशनची फेरी सुरू करावी. जेथून सुरुवात केली तेथे डांबरावर खडूची रेघ मारावी, कारण ‘साधारण त्याच लिंबाच्या झाडापाशी’ हे पुरेसे नाही. ताशी २० ते २५ किलोमीटरचा सावकाश वेग ठेवावा, हात हँडलवर नेहमी जेथे असतात तेथेच असू द्यावेत आणि उठून पायडल मारू नये. शरीराची ठेवण बदलली की उपकरणासमोरची हवाही बदलते. वळताना ब्रेक न लावता, वेग आधीच उतरवून, एका दमात वळावे. कुत्रे मागे लागले किंवा समोरून ट्रॅक्टर आला तर ती फेरी वाया गेली असे समजून थांबावे आणि पुन्हा खडूच्या रेघेवरून सुरू करावे. अशी फेरी वाचवण्याच्या नादात मी दोनदा चुकीचे कॅलिब्रेशन महिनाभर वागवले आहे.

फेरी संपल्यावर सुरुवातीची आणि शेवटची उंची पाहावी. फरक दोन मीटरच्या आत असेल तर चढाचा भाग जमला. लगेच तीच फेरी पुन्हा करावी. दोन्ही वेळचे सरासरी वॅट सारख्याच वेगाला तीन टक्क्यांच्या आत जुळले तर ते कॅलिब्रेशन ठेवावे आणि तारीख, तापमान, टायरची हवा वहीत टिपून घ्यावी. टायर बदलला, हँडलची उंची बदलली किंवा नेलपॉलिशची रेघ तुटली तर पुन्हा करावे.

घाटावर पडताळा

घाट कॅलिब्रेशनला वर्ज्य आहे, पण पडताळ्याला त्याच्यासारखी जागा नाही, कारण चढावर बहुतेक शक्ती वजन उचलण्यात जाते आणि तिचा हिशेब कागदावर करता येतो. समजा ८२ किलो वजन घेऊन चार किलोमीटरमध्ये १५० मीटर उंची १५ मिनिटांत चढली. वजन, ९.८ आणि उंची यांचा गुणाकार करून ९०० सेकंदांनी भागले की १३४ वॅट येतात. त्या वेगाला चाकाच्या घर्षणाचे सुमारे १८ आणि हवेचे सुमारे १५ मिळवले की १६७. दौलताबादहून खुलताबादकडे चढताना किंवा तुमच्या जवळच्या कोणत्याही घाटात, स्वतःचे आकडे घालून, शांत सकाळी हे करून पाहावे. सेन्सर या हिशेबाच्या पाच टक्क्यांत असेल तर तो बरोबर आहे.

तो दहा-पंधरा टक्क्यांनी चुकत असेल तर पुन्हा रस्ता शोधायला निघण्याआधी उपकरणात घातलेले वजन तपासावे. आपण घरच्या काट्यावर अनवाणी उभे राहून भरलेला आकडा असतो तो, आणि त्यात बूट, हेल्मेट, भरलेल्या दोन बाटल्या, पंप आणि जास्तीची ट्यूब धरलेली नसते. मी सायकलसकट, पूर्ण पोशाखात, ओळखीच्या आडतीच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो. उपकरणात ७८ भरले होते. काट्यावर ८२ किलो ४०० ग्रॅम आले, आणि मापाडीदादांनी सवयीने पोत्याचे म्हणून अर्धा किलो वजा करून सांगितले.